डिंपलला तळं पाहू द्या

डिंपलचा पहिला व्हिडिओ कॉल आला तेव्हा तिची आई ओसरीत जमिनीवर निजवलेली होती, आणि उशाशी बसलेल्या कोकिळेच्या कमरेला खोचलेला फोन थरथरायला लागला. कोकिळा ही घरची सून. सकाळपासून सासूच्या तोंडावरच्या माशा हाकलत ती तिथंच बसली होती. फोनवर डिंपलचं नाव दिसलं तशी ती उठली, बायांच्या घोळक्यातून वाट काढत मागच्या दारानं बाहेर पडली आणि जिना चढून स्लॅबवर गेली. तिथं मिरच्या वाळत घातल्या होत्या. खाली नवीन कोणी पाहुणा आला की बाया हंबरडा फोडत, तो आवाज इथवर कमी यायचा. तिनं पदरानं डोळे कोरडे केले, चेहरा जरा ठीकठाक केला आणि फोन घेतला. असलं नाटक तिनं आयुष्यात कधी केलं नव्हतं.

"वहिनी, पाह्य! पाह्य बरं कसं हाये!"

डिंपलनं स्वतःचं तोंड दाखवायच्या आधी पाणीच दाखवलं. निळंशार, दूरवर पसरलेलं पाणी. चारी बाजूंनी डोंगर अगदी अंगावर आल्यासारखे, आणि त्या डोंगरांच्या पायथ्यापासून पार वरपर्यंत पिवळी, गुलाबी घरं. पांढऱ्या बोटी. मग फोन फिरला आणि पंजाबी ड्रेसवर लेकीचं जाकीट चढवलेली, डोळ्यांवर गॉगल लावलेली डिंपल दिसली. चिखलीहून कधी पुण्यापलीकडे न गेलेली बाई इटलीत कोमो नावाच्या गावी तळ्याकाठी उभी राहून हसत होती. तिची लेक अर्पिता मिलानला शिकायला. आईला तिथं येऊन आठवडा झाला तरी अर्पिताला कॉलेजातून सुट्टी मिळत नव्हती, ती आज मिळाली. आजचा एकच दिवस.

"आईले दे न फोन," डिंपल म्हणाली. "तिले म्हण, लोणारचं तळं पाह्यलं व्हतं न, आता हे पाह्य."

"आई..." कोकिळेनं खाली अंगणाकडे पाहिलं. "आंघोळीची तयारी चालू हाये तिची."

हे काही अगदीच खोटं नव्हतं. मागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडलेलीच होती, मोठं पातेलं घासून पालथं घातलेलं होतं. पण तोंडातून गेल्यावर तिला स्वतःचीच किळस आली.

"एवढ्या उशिरा?"

"उन्हाळा हाये न."

"बरं, मंग लावतो मी. तुझे डोळे काऊन लाल दिसून राह्यले?"

"मिरच्या हालवून राह्यली व्हती," कोकिळा म्हणाली.

रुक्मिणीबाई पहाटे गेल्या. छातीत दुखायला लागलं, शालिग्रामनं शेजाऱ्याची गाडी दारात आणून लावली, बुलढाण्याच्या दवाखान्यात फोनही केला. पण खाटेवरून उचलताच त्यांनी मान टाकली. शालिग्राम हा त्यांचा एकुलता एक मुलगा, कोकिळेचा नवरा. वांगी-मिरचीचा भाजीपाला करणारा, तसा पापभीरू माणूस. पण घाबरला की त्याला मोठमोठ्यानं निर्णय घ्यायची सवय होती, आणि त्या पहाटे तो फार घाबरला. डिंपलचा नवरा गोपाल चिखलीहून येऊन टेकतो न टेकतो तोच दोघा साल्या-मेहुण्यांनी गोठ्यात उभं राहून ठरवून टाकलं की डिंपलला आज सांगायचं नाही.

"सांगून काय फायदा?" शालिग्राम म्हणाला. "ते काही उडून येऊन नाही राह्यली. परक्या मुलखात हाये, तिथंच पडली-झडली तं कोण धरन? रात्री खोलीवर गेल्यावर मी अर्पिताले सांगतो, ते सांगन हळूहळू. आजच्या दिवस पाहू द्या तिले तळं."

परगावी असलेल्या माणसाला अशी बातमी एकदम द्यायची नाही, आधी 'जरा बरं नाही' म्हणायचं, मग 'जास्त आहे' म्हणायचं, आणि तो दारात आला की मग कळू द्यायचं, ही तिकडची रीतच. त्यामुळे कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. भावकीतले वडीलधारे जानराव तर म्हणाले, शहाणपणाचं केलं. कुणाच्याही घरी काही झालं की खांद्यावर पंचा टाकून पहिले हजर होणारे आणि सगळी सूत्रं हातात घेणारे हे जानराव. त्यांनी लगेच गावभर निरोप फिरवला की कोणी स्टेटस ठेवायचं नाही. या धाड गावात माणूस गेला की डॉक्टरच्या आधी फोनवर हार घातलेला फोटो झळकतो, तेव्हा हा निरोप काही साधासुधा नव्हता. पोरं दिवसभर हात चोळत बसली.

नातू राम मात्र पुण्याहून निघाला होता. त्याच्यासाठी थांबायचं ठरलं, बुलढाण्याहून बर्फाच्या लाद्या आणल्या. कोकिळेनं तेव्हा फक्त एवढंच विचारलं होतं, "आन डिंपल?"

"तिचं सांगतलं न तुले," शालिग्राम म्हणाला होता.

ती गप्प बसली. खरं तर तिनं भांडायला हवं होतं. या गावात लेकीनं तोंड पाहून ओठाला पाणी लावल्याशिवाय तिरडी उचलत नाहीत. शेजारच्या घरी तर लेक सुरतेहून येईस्तोवर अख्खी भावकी ताटकळली होती, आणि कोणी चकार शब्द काढला नव्हता. हे सगळं तिला बोलता आलं असतं. पण त्या वेळी तिच्या मनात एक कडू, बारीकशी गोष्ट हलली, आणि ती बोलली नाही.

गोपालच्या फोनवर कॉल आला तेव्हा तो बिचारा तिरडीसाठी बांबू तासत बसला होता. त्यानं डिंपलला सकाळी सांगितलं होतं की दुकानात आहे. चिखलीला त्याचं फवारणीचे पंप आणि ठिबकच्या नळ्यांचं दुकान. आता दुकान कुठून आणायचं? तो धावत गोठ्यात गेला, तिथं शालिग्रामनं गुंडाळून ठेवलेल्या ठिबकच्या नळ्यांचे वेटोळे होते, त्यांच्यासमोर उभा राहिला, केस सारखे केले आणि फोन घेतला. कोकिळा दाराआड उभी राहून पाहत होती.

"अहो, हे पाहा!" फोनमधून डिंपल ओरडली. तळ्याकाठचं एक घुमट असलेलं, खांबांचं पांढरं देखणं घर दिसत होतं. "बॅटरीचा शोध लावला न, तो माणूस या गावचा. आतमंदी त्याच्या सगळ्या वस्तू ठेवल्या हायेत. तुमच्या बॅटरीच्या पंपाचा आजाच म्हणा!"

गोपाल हसला. जरा जास्तच मोठ्यानं हसला. मागून म्हैस ओरडली.

"दुकानात म्हैस कुठून आली?"

"रस्त्यावर हाये. गिऱ्हाईक आलं, ठेवतो मी." फोन ठेवून तो नळ्यांच्या वेटोळ्यावर बसला आणि तोंडात रुमाल कोंबून रडायला लागला. रुक्मिणीबाईंनी त्याला कधी जावयासारखं वागवलं नव्हतं, पोरासारखं शिव्या देऊन जेवायला घालायच्या.

"गोपालराव," कोकिळा म्हणाली, "सांगून टाका न तिले. तुमची बायको हाये ते."

"काय सांगू वहिनी? आता एवढं खोटं बोलून बसलो." त्यानं डोळे पुसले. "सकाळीच सांगतलं असतं तं सांगतलं असतं. आता तं ते मलेच खाऊन टाकन."

पुढचा फोन पुन्हा कोकिळेला. कोमोत डोंगरावर चढणारी एक रुळांवरची छोटी गाडी होती, उभ्या चढावर दोरानं ओढली जाणारी. तीत बसून मायलेकी वरच्या गावात गेल्या होत्या. तिथून तळं खाली दिसत होतं आणि त्याच्या कडेला कोमो, लाल कौलांचं, मधोमध मोठ्या चर्चचा हिरवट घुमट. डिंपलच्या हातात आइस्क्रीम होतं. तिनं ते फोनसमोर धरलं, "घे वहिनी, एक घास." अर्पिता मागून म्हणाली, "मामी, मम्मीनं दोन खाल्ले, आता तिसरं मागते आहे." दोघी हसल्या. अर्पिताचा हसतानाचा गाल थेट रुक्मिणीबाईंसारखा होता.

"आई झाली का तयार?"

"मंदिरात गेली," कोकिळा म्हणाली.

"या उन्हात? काऊन जाऊ दिलं तिले?"

"ऐकते का ते कोणाचं."

फोन ठेवला आणि कोकिळा मिरच्यांच्या कडेला, तापलेल्या स्लॅबवर तशीच बसून राहिली. तिला पुरणपोळीची आठवण झाली. आठवण कसली, चवच आली तोंडात. राम पोटात होता तेव्हा, सातवा महिना. तिचं माहेर लोणारच्या बाजूचं, आणि तिकडे तिचा बाप वारला. पोटुशी पोरगी, तिला धक्का बसेल, म्हणून या घरात सगळ्यांनी ठरवलं की तिला सांगायचं नाही. रुक्मिणीबाईंनीच ठरवलं. त्या दिवशी सासूनं स्वतःच्या हातानं पुरणपोळ्या केल्या, वर तुपाची धार धरली, खा बाई खा म्हणाली. शाळेत जाणाऱ्या डिंपलला सुद्धा माहीत होतं. तिनं वाढल्या. कोकिळेनं आवडीनं चार पोळ्या खाल्ल्या आणि तिकडे तिचा बाप जळत होता. दहाव्यालाही तिला नेलं नाही. बाप गेल्याचं कळलं तेव्हा माहेरी तेराव्याची भांडीसुद्धा घासून झाली होती. तिला रडायलासुद्धा कोणी सोबत उरलं नव्हतं, कारण सगळ्यांचं रडून झालेलं होतं.

त्यावर ती सासूला एक शब्द बोलली नाही. पुढं सगळं व्यवस्थित केलं, औषधपाणी, पाय चेपणं, दुखलं-खुपलं. रुक्मिणीबाईंचा तिच्यावर जीव होता आणि तिचाही त्यांच्यावर. पण पुरणपोळी तिनं पुन्हा तोंडात घातली नाही, आणि का ते घरात कोणी विचारलं नाही.

सकाळी मनात हलली ती हीच गोष्ट होती. मला कोणी सांगितलं होतं? हे असं तिच्या मनात आलं होतं. स्पष्ट शब्दांत आलं होतं. आता उन्हात बसून तिला त्याची भयंकर लाज वाटली.

राम पोचला तेव्हा घरात पुन्हा रडारड उसळली. तो आजीच्या पायांवर पडला, मग उठून आईच्या गळ्यात पडला आणि कानात म्हणाला, "आत्याला कळवलं का?" कोकिळेनं मानेनंच नाही म्हटलं. पोरगा बापाकडे गेला, काहीतरी बोलला, बापानं हात झटकला, आणि मग जानरावांनी रामला पाणी आणायला विहिरीवर धाडून दिलं.

चुलीवर पातेलं चढलं. रुक्मिणीबाईंच्या माहेरची माणसं साडी घेऊन आली. सासूच्या अंगाला शेवटचं पाणी घालायला कोकिळा उठत होती, एवढ्यात कमरेचा फोन परत थरथरला. तिला वाटलं, नको घेऊ. पण डिंपलचे फोन घेतले नाहीत तर ती शेजाऱ्यांना लावेल, आणि शेजाऱ्यांत एकालाही खोटं धड बोलता येत नव्हतं. ती मागच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

"वहिनी, रेशमाच्या दुकानात हाओ आम्ही. हे गाव रेशमासाठी फेमस हाये म्हणे." दुकानात काचेच्या कपाटांत मऊ, झुळझुळीत स्कार्फ लावलेले होते. डिंपलनं दोन्ही हातांत दोन धरले. "आईले कोणता घेऊ? हा जांभळा का हा मोरपंखी? तिले डोक्याले बांधाले. पुढच्या हिवाळ्यात कान झाकून बसत जाईन."

कोकिळेची नजर एका स्कार्फवरून दुसऱ्यावर गेली.

"अवं सांग न! बाई थांबली हाये."

"जांभळा," कोकिळा म्हणाली.

"जांभळाच न? मलेही तोच वाटला. गोऱ्या अंगाले जांभळा चांगला दिसते. बरं, आता आम्ही बोटीत बसणार हाओ. बोटीतून आईले दाखवतोच. मंदिरातून आली का नाही अजून?"

"येऊन राह्यली," कोकिळा म्हणाली.

फोन बंद झाला. कोकिळेनं भिंतीला डोकं टेकवलं. हे आता तिला सहन होईना. डिंपलला उद्या कळेल, परवा कळेल, आणि मग ती हा दिवस पुन्हा पुन्हा आठवेल. आइस्क्रीम आठवेल, जांभळा रंग आठवेल. कोकिळा अजूनही पुरणपोळीच्या वासानं उठून जायची. डिंपल नंतर कशाकशाच्या वासानं उठून जाईल, देव जाणे.

तिनं बाहेर येऊन नवऱ्याला बाजूला घेतलं. "लावा फोन. मी सांगतो तिले. तोंड तरी पाहू द्या."

शालिग्रामचे डोळे सुजले होते. "अवं, ते बोटीत-बिटीत असन. पाण्यात उडी मारली तं?"

"आईले भेटाले कोणी पाण्यात उडी मारत नाही."

"रात्री सांगतो म्हणलं न मी."

"रात्री काय दाखवान तिले? राख?"

"कोकिळा!" शालिग्राम ओरडला. सगळ्यांनी वळून पाहिलं. मग तो आवाज खाली आणून, जवळजवळ विनवणी केल्यासारखा म्हणाला, "माह्यानं नाही होत तिले सांगणं. तिचं रडणं माह्यानं नाही ऐकलं जात. समजून घे न थोडं." आणि तो तिरडीकडे निघून गेला. कोकिळेला त्याची दयाही आली आणि रागही आला.

आंघोळ झाली. नवी साडी नेसवली. गोपालनं आणि रामनं मिळून रुक्मिणीबाईंना तिरडीवर ठेवलं. एकेक जण पुढं येऊन तुळशीच्या पानानं ओठाला पाणी लावू लागला. मुलगा झाला, सून झाली, नातू झाला, जावई झाला, माहेरचे झाले, शेजारपाजारच्या बाया झाल्या. ऊन उतरायला लागलं होतं. जानरावांनी पंचा सावरला आणि अशा वेळी विचारायचं ते नेहमीप्रमाणे विचारलं, "झालं का सगळ्यांचं? कोणाचं पाणी राह्यलं का?"

या प्रश्नाला कोणी उत्तर देत नसतं. तो विचारतात आणि उचलतात.

"लेकीचं राह्यलं," कोकिळा म्हणाली.

खांदा द्यायला वाकलेली माणसं तशीच थांबली. कोकिळा पुढं झाली, तिरडीच्या कडेला मांडी घालून बसली आणि एक हात बांबूवर ठेवला. दुसऱ्या हातानं तिनं फोन काढला.

"ऊठ," शालिग्राम म्हणाला. "कोकिळा, ऊठ म्हणतो न. लोकं पाहून राह्यले."

"पाहू द्या."

"बाई," जानराव समजुतीच्या सुरात म्हणाले, "ठरलं व्हतं न आपलं? दिवस कलून राह्यला."

"तुमचं ठरलं व्हतं, मामंजी. माह्यं नाही." हेही पूर्ण खरं नव्हतं, हे तिला माहीत होतं. ती सकाळी गप्प बसली होती, म्हणजे तिचंही ठरलंच होतं.

रिंग जात राहिली. कोणी उचललं नाही. परत लावला. परत तेच. माणसं कुजबुजायला लागली. कोणी म्हणालं डोक्यावर परिणाम झाला, कोणी म्हणालं बरोबर करून राह्यली. शालिग्राम खाली वाकला आणि तिचा हात बांबूवरून सोडवायला लागला. तेवढ्यात गोपाल मध्ये आला. दिवसभर नळ्यांसमोर उभा राहून दुकान दाखवणारा तो माणूस म्हणाला, "राहू द्या, दादा. लावू द्या वहिनीले." आणि स्वतःच्या फोनवरून तोही लावायला लागला.

आणि मग कोकिळेचाच फोन वाजला.

"वहिनी! बोटीत आवाजच नाही आला पहिले!" डिंपलचे केस वाऱ्यानं तोंडावर येत होते. मागं पाणी, उन्हात चमकणारं, आणि कडेनं एकामागून एक बागा आणि वाडे सरकत होते. "पाह्य, पाह्य, इकडं—"

"डिंपल, खाली बस आधी. अर्पिता जवळ हाये का?"

डिंपलचं हसू गेलं नाही, पण तिथंच थांबलं. "काय झालं?"

कोकिळेनं मनात पुष्कळ जुळवून ठेवलं होतं. आधी बरं नाही म्हणावं, मग हळूच म्हणावं. त्यातलं काही आठवलं नाही. "आई गेली, डिंपल."

"कुठं?" असं डिंपल म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला समजलं. ती बसली. शेजारून अर्पिताचा हात आला आणि तिनं आईचा खांदा धरला. बोटीचं इंजिन घरघरत होतं, मागं कोणीतरी मोठ्यानं हसत होतं.

"कवा?"

"पहाटे."

डिंपलनं तोंडावरचे केस बाजूला केले. मग एकेक करून विचारायला लागली. "म्हणजे मी तळं दाखवलं तवा?"

"हाव."

"आइस्क्रीम खाल्लं तवा?"

"हाव."

"रंग विचारला तवा. तू जांभळा म्हणली."

"हाव."

अंगणात शालिग्रामनं हुंदका दिला. डिंपल म्हणाली, "दाखव."

कोकिळेनं फोन वळवला आणि रुक्मिणीबाईंच्या तोंडाजवळ धरला. डिंपलनं हंबरडा फोडला नाही. कदाचित परक्या माणसांत फोडता आला नसेल. तिचा फक्त श्वास ऐकू येत होता, तुटत तुटत. "केस मागं घे तिचे," ती म्हणाली. "तिले कपाळावर केस नाही चालत." कोकिळेनं केस मागं सारले. "आता पाणी घाल. माह्या नावानं घाल." कोकिळेनं तुळशीचं पान बुडवलं आणि सासूच्या मिटल्या ओठांवर पाणी सोडलं. ते गालावरून ओघळलं, तेही डिंपलनं पुसायला लावलं.

मग कोकिळेनं फोन स्वतःकडे वळवला. "डिंपल, मी—"

"दादाचं समजू शकतो मी," डिंपल म्हणाली. तिचे डोळे आता कोरडे होते आणि आवाज असा की कोकिळेनं तो पूर्वी कधी ऐकला नव्हता. "तो लहानपणापासून भेकड हाये. अर्पिताच्या पप्पाचंही समजू शकतो. पण तू काऊन, वहिनी? तुले तं माहीत व्हतं हे कसं असते. तुझ्या बाबाच्या वेळेस मी वाढली व्हती तुले. त्याचं उट्टं काढलं का?"

फोनचा आवाज मोठा होता. भावकीनं ऐकलं, शालिग्रामनं ऐकलं, पोरानं ऐकलं. कोकिळेला सहज म्हणता आलं असतं, नाही गं बाई, कायचं उट्टं. ते सगळ्यांना पटलंही असतं. पण सकाळपासून तिनं जितकं खोटं बोलायचं तितकं बोलून झालं होतं.

"सकाळी मनात आलं व्हतं," ती म्हणाली. "थोडा वेळ. मंग नाही राह्यलं."

डिंपल तिच्याकडे बघत राहिली. अर्पिता मागून "मम्मी, मम्मी" करत होती. बोट वळली असावी, कारण उजेड बदलला आणि डिंपलचं अर्धं तोंड सावलीत गेलं.

"तुझ्याशी मले बोलायचं नाही," ती म्हणाली. कोकिळेला वाटलं आता ती फोन कापेल. "पण बंद नको करू. वर धर. मले दिसलं पाह्यजे."

तिरडी उचलली. शालिग्राम हातात मडकं घेऊन पुढं, राम आणि गोपाल खांद्याला, मागं भावकी. कोकिळा फोन छातीसमोर उंच धरून तिरडीच्या अंगाला अंग लावून चालायला लागली. बाया मारुतीच्या देवळापर्यंत आल्या आणि रिवाजाप्रमाणे थांबल्या. जानरावांनी हात आडवा केला, "बायांनी इथूनच फिरा." सगळ्या फिरल्या. कोकिळा फिरली नाही. जानरावांनी शालिग्रामकडे पाहिलं. शालिग्रामनं मागं वळून बायकोकडे, तिच्या हातातल्या उजळलेल्या फोनकडे पाहिलं, आणि काही न बोलता पुढं चालू लागला.

स्मशानाचा रस्ता वांग्याच्या शेतांमधून खाली उतरत होता. कोकिळेच्या चपला घरीच राहिल्या होत्या, माती चटके देत होती. हात भरून आला तेव्हा तिनं फोन दुसऱ्या हातात घेतला.

"खाली नको करू," डिंपल म्हणाली.

"नाही करत," कोकिळा म्हणाली, आणि चालत राहिली.